अबोला

मराठीत काही शब्द असे आहेत की त्यांच्याबरोबर येणारं क्रियापदच सगळं सांगून जातं. अबोला हा त्यातलाच एक. आपण अबोला 'करत' नाही. अबोला 'धरतो' आणि 'सोडतो', अगदी उपासासारखा. म्हणजे त्यात एक नेम आहे, निग्रह आहे, आणि खरं सांगायचं तर थोडं पुण्य जोडल्याचं समाधानही आहे! 'मी बारा वर्षं त्याच्याशी एक शब्द बोललो नाही' हे माणसं ज्या सुरात सांगतात तो सूर कधी ऐकून बघा. बारा वर्षं वारी चुकवली नाही असं सांगणाऱ्याचा तोच सूर असतो.

रुसवा निराळा. रुसलेल्या माणसाला कुणीतरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं. रुसलेलं पोर कोपऱ्यात जाऊन बसतं, पण कोपरा असा निवडतं की आईला येता-जाता दिसेल. अबोला धरणारा मात्र पाठ फिरवून बसतो. आमच्या पाबळकडं याला सरळ 'त्यांचं बोलणं नाही' असं म्हणतात. लग्नाला गाड्या ठरवताना, पंगतीला माणसं बसवताना, कुणाचं कुणाशी बोलणं नाही ही यादी घरातल्या बायकांना तोंडपाठ असावी लागते. यादी चुकली तर पंचाईत!

सत्तरी ओलांडल्यापासून मला या विषयाचं महत्त्व जास्त वाटू लागलं आहे. कारण उघड आहे. अबोला टिकवायला दोन माणसं लागतात, आणि आमच्या वयात त्यातलं एक कधी कमी होईल याचा भरवसा नाही. (नातेवाईक मंडळींना आधीच सांगून ठेवते, यात कुणी आपलं नाव शोधू नये. सापडलंच तर तो योगायोग समजावा.)

मानसशास्त्राची पुस्तकं मी निवृत्तीनंतर वाचली, पण विषयाचं प्रात्यक्षिक वर्गातच झालं. लहान मुलांची कट्टी तुम्ही पाहिली असेल. दुसरी-तिसरीतल्या दोन मैत्रिणींची पहिल्या तासाला कट्टी होते आणि मधल्या सुट्टीत बट्टी. ही बट्टी कशी होते याकडं मी वर्षानुवर्षं लक्ष देत आले. एकीला खोडरबर लागतो. किंवा लगोरीच्या खेळात एक गडी कमी पडतो. किंवा तिसरीच कुणीतरी मध्ये पडते आणि 'ती विचारतीये बट्टी करायची का' असा निरोप घेऊन जाते. (बऱ्याचदा 'ती'नं काहीच विचारलेलं नसतं!) गंमत अशी, की भांडण कशावरून झालं, चूक कुणाची होती, याची चर्चा मुलं करतच नाहीत. खोडरबर दिला, घेतला, संपलं.

सातवी-आठवीत गेलं की मात्र कट्टी लांबते. आठवडा जातो, कधी सहामाही जाते. या वयात राग जास्त येतो म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. या वयात बघणारे वाढतात. 'शेवटी तूच गेलास ना बोलायला' असं म्हणणारी तोंडं वाढतात. आधी कोण बोललं, हा हिशोब तिथं सुरू होतो, आणि पुढं जन्मभर आपण तो मांडत बसतो.

मोठ्यांच्या अबोल्याची सगळ्यात मोठी शाळा म्हणजे शेताचा बांध. आमच्या शिरूर तालुक्यातच नव्हे, महाराष्ट्रात कुठंही जा, भाऊकीचं बोलणं बंद होण्याचं कारण विचारलं तर दहातल्या निम्म्यांचं बोट बांधाकडं जाईल. जरा गणित मांडू या, शिक्षिकेची सवय! एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि ४० गुंठ्यांचा एकर. समजा ५०० फूट लांबीचा बांध कुणी नांगरताना एक फूट कोरला. गेली किती जमीन? ५०० चौरस फूट, म्हणजे अर्धा गुंठाही नाही. आता त्यासाठी दोन भाऊ वीस वर्षं बोलत नाहीत असं धरलं, तर एका फुटाचं मोल काय झालं ते तुम्हीच काढा.

पण हे गणित त्या भावांना सांगून उपयोग नसतो, आणि ते मूर्ख असतात म्हणून नव्हे. त्यांच्या मनात प्रश्न जमिनीचा नसतोच. 'त्यानं मला न विचारता केलं', 'त्यानं मला धाकटं समजलं', 'वडील असते तर त्याची हिंमत झाली असती का', असं ते दुखणं असतं. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिता येतं, हे दुखणं लिहायला तिथं रकाना नाही.

आमच्या ओळखीतल्या अशाच दोघा भावांबद्दल सांगते. गाव आणि नावं सांगत नाही. घरं एकमेकांना लागून, मधली भिंत एकच, विहीर सामाईक. नऊ वर्षं बोलणं नव्हतं. पण सामाईक विहीर म्हटल्यावर न बोलून भागणार कसं? मग पोरांच्या हाती निरोप. 'जा, मोटर बंद झाली का विचार त्याला.' तो समोर दहा हातांवर उभा, सगळं ऐकू येतंय, तरी पोरगं जाणार, विचारणार, आणि 'हो म्हणावं' हे उत्तर घेऊन परत येणार. दोघींचं, म्हणजे जावाजावांचं मात्र मागच्या दारानं चालूच होतं. ताक जायचं, विरजण यायचं. पुरुषांच्या कित्येक अबोल्यांखाली बायकांचं असं चोरटं बोलणं चालू असतं, म्हणून घरं उभी राहतात.

२००७ साली १५ ऑगस्टला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. आबा पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावोगावी समित्या झाल्या, बांधाची, रस्त्याची, वाटपाची भांडणं गावातच बसून मिटवायची असं ठरलं, तंटामुक्त गावांना बक्षिसंही मिळाली. चांगलीच कल्पना होती. पण माझ्या मनात तेव्हापासून एक विचार येतो. तंट्याची नोंद होते, तडजोडीचा कागद होतो, दोघं सह्या करतात. अबोल्याची नोंद कुठं होणार? कागदावर सह्या करून दोघं दोन वाटांनी घरी गेले आणि बोलणं तसंच बंद राहिलं, असंही होतं. आणि याच्या उलटही होतं, ते पुढं सांगते.

आता मुख्य प्रश्न. राग तर काही दिवसांत निवतो. मग अबोला वर्षानुवर्षं कशावर जगतो?

मला वाटतं तो दोन गोष्टींवर जगतो. पहिली म्हणजे 'आधी कोण?' आधी बोलणारा हरला असा आपला समज असतो. त्याहून मोठी भीती वेगळीच असते. मी बोलले आणि त्यानं उत्तरच दिलं नाही तर? मग माझी शोभा होणार. ही भीती दोन्हीकडं सारखी असते, पण आपल्याला फक्त आपली कळते. आपलं दुखणं आपल्याला आतून जाणवतं आणि समोरच्याची दिसते ती फक्त पाठ. पाठीवर दुःख दिसत नाही हो! त्यामुळं प्रत्येकाला वाटतं, मी इथं झुरतोय आणि तो मजेत आहे.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. लिऑन फेस्टिंजर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली एक पुस्तक लिहून असं मांडलं, की आपलं वागणं आणि आपलं मत यांत विसंगती आली की मन अस्वस्थ होतं, आणि ती मिटवायला माणूस पुष्कळदा वागणं न बदलता मतच बदलतो. हे अबोल्याला लावून बघा. कारण असतं वीतभर. पण दोन वर्षं गेली, पाच गेली, की मन म्हणतं, 'एवढी वर्षं मी सख्ख्या भावाशी बोललो नाही, म्हणजे त्यानं केलंही तसंच मोठं असणार.' मग कारणाला खतपाणी मिळतं. जुन्या आठवणी उकरल्या जातात, लहानपणी त्यानं घेतलेला मोठा लाडूसुद्धा पुराव्यात दाखल होतो! जितकी वर्षं वाढतात तितकं कारण मोठं करावं लागतं. व्याज वाढतं तसं मुद्दलही वाढत जाणारं हे एकच कर्ज असावं.

ज्याच्यावर अबोला धरला जातो त्याचं काय होतं, हे पाहू. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आई तान्ह्या बाळाशी हसत-खेळत बोलत असते. मग तिला सांगतात, आता दोन-तीन मिनिटं बाळाकडं पाहायचं, पण चेहरा अगदी कोरा ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं. मग हात पुढं करतं, बोट दाखवतं, आवाज काढतं, आईला आपल्याकडं ओढायचे आपले सगळे उपाय करतं. तरी काही नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं आणि रडू लागतं. ज्याला अजून एक शब्द येत नाही त्यालासुद्धा अबोला कळतो!

दुसरा संशोधक किपलिंग विल्यम्स. तो एकदा आपल्या कुत्र्याला घेऊन बागेत बसला होता. शेजारी दोन अनोळखी माणसं फ्रिस्बीची तबकडी एकमेकांकडं फेकत खेळत होती. ती याच्यापाशी येऊन पडली, यानं परत फेकली, त्यांनी याच्याकडं टाकली, आणि थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला. मग काही न सांगता त्या दोघांनी याच्याकडं टाकणं बंद केलं. बस, एवढंच. ओळख ना पाळख, तरी याला इतकं वाईट वाटलं की त्यानं पुढं हाच अभ्यासाचा विषय केला. २००३ साली नाओमी आयझेनबर्गर आणि मॅथ्यू लिबरमन यांच्याबरोबर त्यानं 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना यंत्रात झोपवून संगणकावर चेंडूचा खेळ दिला आणि मध्येच खेळातून वगळलं. तेव्हा शारीरिक वेदनेचा त्रास होताना मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यातला एक भाग इथंही जागा झालेला दिसला. 'लागलं मनाला' असं आपण म्हणतो, ते उगीच नाही म्हणायचं.

हे सगळं मला पुस्तकातून समजलं तेव्हा माझी एक सहकारी मैत्रीण आठवली. आम्ही तेवीस वर्षं एका शाळेत होतो. एक डबा दोघींत खाल्ला. निवृत्तीनंतर काही वर्षांनी एकाएकी तिनं बोलणं बंद केलं. फोन उचलेना, समोर आली तर दुसरीकडं बघेना का! कारण काय ते मला कळलं नाही. मी विचारायला तिच्या घरी गेले, तर सुनेनं 'आई झोपल्यात' म्हणून सांगितलं. आतून पंख्याखाली पेपर चाळल्याचा आवाज येत होता. पुढं तिचे यजमान गेले तेव्हा भेटायला गेले. ती सगळ्या बायकांशी बोलली, माझ्याशी नाही. भांडण होऊन आलेला अबोला सोसवतो, कारण माणूस निदान त्या भांडणाशी तरी भांडू शकतो. विनाकारण आलेला अबोला फार छळतो. रात्री जाग आली की मन एकेक प्रसंग उलटापालटा करून कारण शोधत बसतं. अकरा वर्षं हे चाललं होतं.

एकट्यादुकट्याचा अबोला वेगळा आणि सबंध घराचा वेगळा. हे पाबळच्या माणसाला निराळं सांगावं लागत नाही, कारण मस्तानीची कबर आमच्या गावात आहे. पाबळ तिला इनाम होतं. छत्रसालाची ही मुलगी बाजीराव पेशव्यांच्या आयुष्यात आली, पण पेशव्यांच्या घरानं तिला आपलं म्हटलं नाही. तिच्या मुलाची मुंज करावी असं बाजीरावांच्या मनात होतं, ते होऊ दिलं गेलं नाही, असं सांगतात. १७४० च्या एप्रिलमध्ये रावेरखेडीला बाजीराव वारले, आणि पाठोपाठ त्याच वर्षी मस्तानीही. मागं राहिला सहा वर्षांचा शमशेर बहादूर. पुढं त्याच पेशव्यांच्या घरात तो वाढला, बुंदेलखंडातला बापाचा वाटा त्याला मिळाला, आणि १७६१ मध्ये पानिपतावर तो पेशव्यांच्याच बाजूनं लढला आणि त्या लढाईतल्या जखमांनी गेला. म्हणजे घरानं अखेर हात पुढं केला, पण तो पोराला. आईशी बोलायचं राहूनच गेलं. कबरीकडं गेले की इतिहासापेक्षा मला हेच जास्त आठवतं.

नवरा-बायकोच्या अबोल्याबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. जॉन गॉटमन या संशोधकानं अमेरिकेत सिएटलला अनेक वर्षं जोडप्यांची बोलणी टिपून अभ्यास केला. संसार मोडकळीला नेणाऱ्या ज्या चार सवयी तो सांगतो, त्यातली एक म्हणजे समोरच्यानं बोलावं आणि आपण भिंत होऊन बसावं. पण त्यानं आणखी एक गोष्ट दाखवली, ती सासरी गेलेल्या लेकींनी आणि घरात आलेल्या जावयांनी दोघांनीही लक्षात ठेवावी. भिंत झालेला माणूस आतून शांत नसतो. छाती धडधडत असते, नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेलेली असते, अशा वेळी त्याला दुसऱ्याचं ऐकूच येत नाही. त्याला निवायला निदान वीसेक मिनिटं लागतात. तेव्हा 'आत्ता मला बोलता येत नाही, जरा गच्चीवर जाऊन येतो, मग बोलू' असं सांगून गप्प होणं हा अबोला नाही. तो शहाणपणा आहे. फरक त्या 'मग बोलू' या दोन शब्दांत आहे. परत यायची वेळ सांगून गेलेला माणूस आणि न सांगता गेलेला माणूस यांत जेवढा फरक, तेवढाच.

आपल्या जुन्या लोकांनी मानसशास्त्र वाचलं नव्हतं, पण 'आधी कोण?' या प्रश्नाची तोड त्यांनी काढून ठेवली होती. संक्रांत बघा. तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगायचं, हे वाक्य माझं नाही आणि तुमचंही नाही, ते सणाचं आहे. ते बोलल्यानं कुणी हरत नाही. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन धाकटा मोठ्याच्या पाया पडतो, तिथंही आधी बोलणारा दसराच असतो. लग्नाची अक्षत द्यायला तर वैऱ्याच्या दारीही जायची रीत. आणि मयताला जायचं असतंच, त्याला आमंत्रण लागत नाही. वर्षातून चार-पाचदा अशा खिडक्या उघडायच्या, ज्यातून कमीपणा न घेता आत डोकावता येई.

मध्यस्थाचीही अशीच जागा होती, आणि त्याचा सगळ्यात सुंदर दाखला आमच्यापासून फार लांब नसलेल्या आळंदीचा. लोकांच्या बोलण्यानं व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून आत बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईनं बाहेरून विनवणी केली, तेच ताटीचे अभंग. मला त्यात एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. ती दार ढकलत नाही. लोकांची बाजूही घेत नाही. ताटी आतून उघडायची असते, हे ओळखून ती बाहेर थांबते आणि बोलत राहते. समजूत काढणाऱ्यानं एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

हल्ली या खिडक्या बारीक होत चालल्या आहेत. तिळगूळ व्हॉट्सॲपवर चित्र होऊन येतो, एकदम दोनशे जणांना. त्या दोनशेत आपण आहोत की नाही याची खुशी कुणाला वाटणार? पत्रिका मोबाईलवर येते, 'हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे'. अक्षत द्यायला दारात कुणी उभंच राहत नाही, तर 'या, बसा' म्हणणार कुणाला? उलट अबोला धरायची साधनं वाढली. पूर्वी बोलायचं नसेल तर निदान रस्ता बदलावा लागायचा. आता बोटाच्या एका टोचणीनं माणूस 'ब्लॉक' होतो. निळ्या खुणा दिसल्या तरी उत्तर आलं नाही, म्हणून रात्रभर तळमळणारी शहाणीसुरती माणसं मी पाहिली आहेत.

आता त्या दोघा भावांचं सांगते. एका वर्षी ऐन कांद्याला पाणी द्यायच्या दिवसांत विहिरीतली मोटर जळाली. लाईट रात्रीची. मोटर वर काढायची म्हणजे एकट्याचं काम नाही आणि मजूर मिळेना. दोन्ही वावरांत कांदा, दोघांचाही जीव त्याच्यात. शेवटी दोघं आपापल्या बाजूनं विहिरीवर आले. थोरला दोर धरून उभा, धाकटा खाली उतरला. आणि मग बोलावंच लागलं. 'धर.' 'सोड.' 'हळू.' 'आता ओढ.' नऊ वर्षांनंतरचे पहिले शब्द हे असे होते. कुणी माफी मागितली नाही, बांधाचा विषय कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी मोटर भरून आणायला एकाच गाडीवर गेले.

मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात मुलांच्या शिबिरात नेमकं हेच दाखवलं होतं. अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे दोन गट केले, त्यांच्यात चढाओढ लावली, तर भांडणं इतकी वाढली की एकमेकांचं तोंड बघवेना. मग नुसतं एकत्र जेवायला बसवून पाहिलं, तर एकमेकांवर अन्न फेकू लागली! पण शिबिराचं पाणी बंद पडलं, ट्रक अडकला, अशी दोघांनाही मिळूनच सोडवावी लागतील अशी कामं पुढं ठेवली, तेव्हा हळूहळू वैर विरलं. आमच्या पाबळला १९८३ साली डॉ. कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, तो हातानं काम करता करता शिकायचं, या विचारावर. मला वाटतं बोलणंही तसंच शिकावं लागतं. समोरासमोर बसवलेली दोन माणसं गप्प राहतील. एकाच ओझ्याची दोन टोकं उचलणारी माणसं गप्प राहूच शकत नाहीत.

थोरला भाऊ त्यानंतर दोन वर्षांनी गेला. बांधाचा वाद मिटला नव्हता, आजही मिटलेला नाही. पण शेवटच्या दुखण्यात धाकटा उशाशी होता, आणि बांध वाकडा असूनही दोघांनी दोन वर्षं मिळून चहा प्यायला होता. म्हणून म्हणते, भांडण मिटलं तरच बोलायचं, हा आपला क्रमच उलटा आहे. बोलणं आधी सुरू होऊ शकतं. भांडण मागून मिटलं तर मिटलं.

या सगळ्यातून मला जे समजलं ते थोडक्यात सांगते. पहिलं वाक्य लहान असावं. 'मागचं सगळं विसरून जाऊ' असलं मोठं वाक्य नको, त्यानं मागचं सगळं आठवतं! पहिलं वाक्य कामाचं असावं, आणि एका शब्दात उत्तर देता येईल असं असावं. मजकुराची दोन पानं लिहून पाठवू नयेत, त्यात आपण नकळत वकीलपत्र घेतो. उत्तर नाही आलं तर ते तिथंच ठेवून द्यावं. आपल्या बाजूची कडी आपण काढून ठेवली, एवढं पुरे.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगते. सगळेच अबोले सोडायचे नसतात. जिथं मारहाण आहे, दारूचा धिंगाणा आहे, बाईमाणसाला किंवा पोराला धोका आहे, तिथं लांब राहणं ही राखण आहे. अशा ठिकाणी 'जाऊ दे गं, नातं आहे' असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः चार दिवस त्या घरात राहून दाखवावं.

या वर्षीच्या संक्रांतीनंतर मी त्या मैत्रिणीला पुन्हा फोन लावला. नातवाच्या फोनवरून लावला, अनोळखी नंबर म्हणून उचलला असेल. मी नाव सांगितलं आणि ती काही म्हणायच्या आत विचारलं, 'हुलग्याच्या शेंगोळ्यांच्या पिठात तू कणीक किती घालायचीस? माझे मोडताहेत.' पलीकडं बराच वेळ काही नाही. मग आवाज आला, 'तीन वाट्यांना एक.' आणि फोन ठेवला.

पंधरा दिवस गेले. एका दुपारी माझा फोन वाजला. तीच होती. 'जमले का?' मी म्हटलं, 'जमले, पण तुझ्यासारखे नाही.' ती म्हणाली, 'पीठ कोमट पाण्यात मळ.' मग तिच्या गुडघ्यांचं निघालं, माझ्या मोतीबिंदूचं निघालं. ती अकरा वर्षं का बोलली नाही, हे मला अजून माहीत नाही. विचारायचं मात्र आता राहिलं नाही.

असो. शेंगोळ्यांचं प्रमाण कुणाला हवं असेल तर सांगा, अगदी खात्रीचं आहे. आणि मला न विचारता, ज्याच्याशी बोलणं नाही त्याला विचारलंत, तर जास्त बरं.